दहा हात खालचा उजेड

९ नोव्हेंबर ७५, रविवार. शिरपूर

दुपारच्या एस.टी.नं सेल्वम आला. आमच्या राहुलसोबत एका खोलीत राहायचा, तो. रामेश्वराकडून इथवर चार दिवस लागले. हातात राहुलची ट्रंक. टपावरून पाच कॅन उतरवले. मला वाटलं रॉकेल. समुद्राचं पाणी निघालं. शिवाय काचेची एक पेटी, हातभर लांब, गोधडीत बांधलेली. आणि झाकणाच्या डब्यात, पाण्यात बुडवलेला एक दगड. दोन मुठींएवढा, तपकिरी, अंगभर खळगे.

दगड नाही म्हणे. जिवंत आहे. पोवळ्याच्या जातीतला. राहुलनं पाण्याखालून आणलेला, चार महिने जगवलेला. तो गेल्यावर त्याच्या समुद्र-संशोधन केंद्रातल्या लोकांनी फेकायला काढला, तर यानं उचलला.

कौसानं चहा दिला. जेवतोस का, एवढंच विचारलं. सप्टेंबरात तार आली त्या दिवसापासून तिनं पोराचं नाव घेतलेलं नाही. समुद्रात गेला, सापडला नाही. तारेत एवढंच. माती द्यायलाही काही नाही.

११ नोव्हें.

मधल्या खोलीत टेबलावर पेटी मांडली. सेल्वमनं सगळं दाखवलं. हवेचा पंप कसा लावायचा, पाणी किती गरम चालतं, काय टाकायचं नाही. हिंदी त्याची तोडकी, माझी त्याहून. उजेडाचं विचारलं तर थांबला. म्हणाला, राहुल तिथंच अडला होता. हा जीव उजेडावरच जगतो. त्याच्या अंगात अगदी बारीक हिरवे जीव राहतात, ते उजेड खाऊन त्याला पोसतात. उजेड चुकला की ते निघून जातात, मग दगड पांढरा पडतो आणि मरतो.

"आप तो बिजलीवाले हैं, अंकल. आपको मालूम होगा."

मी मान हलवली. बावीस वर्षं खांबावर चढतो. मेडशीला पहिला दिवा लागला तेव्हा स्विच मीच दाबला होता. पण असला उजेड कोणी कधी मागितला नाही. म्हणजे मागितला होता. ते नंतर लिहीन.

संध्याकाळच्या गाडीनं सेल्वम गेला. जाताना केंद्राचा एक कागद दिला. मुलगा मयत समजावा, अशी आईबापांची संमती. माझी सही, तिचा अंगठा हवा. कागद कोराच ट्रंकेत ठेवला, राहुलच्या कपड्यांखाली.

१३ नोव्हें.

साठचा बल्ब टांगला. पिवळा उजेड, दगड गुळाच्या ढेपेसारखा दिसतो. तासाभरात वरचं पाणी कोमट. शंभरचा लावून पाहिला, आणखी वाईट. बल्ब बाद. हे मला आधीच कळायला हवं होतं. बल्ब म्हणजे चूल, उजेड थोडा सांडतो इतकंच.

१४ नोव्हें.

पेटी खिडकीशी सरकवली. ऊन दोन तासच येतं. तेवढ्यात काचेवर हिरवं शेवाळ धरलं. परत मागे घेतली.

१७ नोव्हें.

पाणी उडतं, मीठ राहतं. खारटपणा मोजायची राहुलची काचेची नळी वाटेत फुटली होती. खूप विचार केला. शेवटी दूध सोसायटीतून लॅक्टोमीटर मागून आणलं. कॅनमधल्या पाण्यात सोडलं तर पंचविसावर उभं राहिलं. म्हशीच्या दुधाला पाणी घातलं की दिसतं तसं. पेटीत मात्र अठ्ठावीस. म्हणजे तीन आकडे खारट झालं. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं शुद्ध, बिनमिठाचं पाणी आणून वाटीवाटीनं घालत होतो. कौसा मागे उभी.

"त्यात हे दुसरं पानी कायले टाकता?"

आटलं म्हणून, म्हटलं.

"आटू द्या. तो त्याच पान्यात हाये."

दोन महिन्यांत त्याच्याबद्दल बोललेलं पहिलं वाक्य. मी वाटी खाली ठेवली. ती रानात गेल्यावर उरलेलं घातलं. चोरासारखं वाटलं.

२१ नोव्हें.

वाशीमहून दोन ट्यूब आणल्या, डेलाईटच्या, दोन फुटी. चोक पेटीपासून दूर भिंतीवर ठोकले, उष्णता नको म्हणून. आतून पांढऱ्या ऑइलपेंटचं पत्र्याचं छप्पर केलं. पाणी गार राहतं. दगडाचा खरा रंग दिसला. तपकिरी, खळग्यांत हिरवी झाक. रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

कौसा दुपारी रानातून आली की भाकर घेऊन पेटीसमोर बसते. तिथंच जेवते. आधी चुलीपाशी जेवायची.

२९ नोव्हें.

आज दिवे मालवायच्या वेळी पाहिलं. खळग्याखळग्यातून बारीक बोटं बाहेर आली होती. पारदर्शक, तांदळाच्या कोंभाएवढी. पाण्यासोबत हलत होती. कौसाला हाक मारली. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, रोज येतात. तिनं मला सांगितलं नव्हतं.

६ डिसेंबर

विहारात गेलो. सगळे पांढऱ्या कपड्यात. कौसा आली नाही. वंदना झाल्यावर शेजारच्यांनी हळूच विचारलं, राहुलचं पुण्यानुमोदन कधी ठेवता. पुढं पाहू म्हटलं. लोक चांगल्या मनानं विचारतात.

घरी आलो तर ती पेटीसमोर, कान काचेला लावून. मी दारातच थांबलो. पंपाची घुरघुर ऐकू येते तेवढीच. दुसरं काय ऐकू येणार.

१५ डिसें.

लाईट गेली. सकाळी नऊपासून. पंप बंद. ट्रकची जुनी ट्यूब सायकलच्या पंपानं फुगवली, तोंडाला सलाईनची बारीक नळी, चिमटा लावून हवा थेंबथेंब सोडली. चार तास पुरली. कौसानंही हवा भरली. मी दमलो तेव्हा तिनं पंप हातातून घेतला.  खूप दिवसांनी एका कामाला दोघं होतो.

२८ डिसें.

दगडाच्या वरच्या भागाचा रंग उतरतोय. मी म्हणतो उतरतोय, ती म्हणते नाही. ट्यूबचा उजेड पुरत नाही. पृष्ठभागावर लख्ख, चार बोटं खाली गेलं की मंद. एक ट्यूब वाढवली.

४ जानेवारी ७६

तीन ट्यूबनीही भागत नाही.

ट्रंकेतल्या राहुलच्या वहीत शोधलं. पानंच्या पानं पाण्याची, मापांची, माशांची. उजेडाचं एक पान. वर "उजेड" लिहून खाली रेघ मारलीय. त्याखाली फक्त: "बाबांना विचारलं आहे."

बाकी पान कोरं.

५ जाने.

आज लिहूनच टाकतो. ऑगस्टमध्ये त्याचं कार्ड आलं होतं. इथं टाकीत दगड आणला की फिका पडतो. समुद्रात दहा हात खाली जसा उजेड असतो, तसा कोणता दिवा देईल? बाबा, तुमी विचार करून सांगा. तोवर मी रोज दुपारी खाली जाऊन नीट पाहून येतो.

तेव्हा मी मालेगावच्या लाईनवर होतो. कार्ड खाकी शर्टाच्या खिशात. रविवारी लिहू म्हटलं. रविवार आले नि गेले. एवढा शिकलेला पोरगा मला विचारतो, यानं छाती फुगली होती, म्हणून चुकीचं उत्तर द्यायची भीती वाटली. खरं कारण हे. वेळ नव्हता हे खोटं.

तोवर मी रोज खाली जातो.

तीन आठवड्यांनी तार.

कौसाला हे माहीत नाही.

११ जाने.

वाशीमच्या जिनिंग मिलच्या आवारात मर्क्युरीचे दिवे काढून नवे टाकले. फोरमन ओळखीचा. एक दिवा चोकसकट दे म्हटलं. हसला, घरात काय जत्रा भरवता का म्हणाला. खरं सांगितलं नाही. मर्क्युरीचा उजेड निळसर असतो. दहा हात खाली निळाच उजेड उरत असणार, लाल आधी विझत असणार. वीज बोर्डात कोणी हे शिकवत नाही, मी अंदाजानं लिहितो.

१२ जाने.

लावला. पेटीपासून दीड हात वर, बाजूला टेबलफॅन. पेटायला पाच मिनिटं घेतो, आधी जांभळा, मग निळसर हिरवा. पाणी तळापर्यंत उजळलं. दगडाच्या खळग्यांत हिरवं चमकायला लागलं. इतके दिवस जे दिसत नव्हतं ते सगळं दिसलं. पहिल्यांदा वाटलं, हाच. त्याला हाच सांगितला असता.

मागे वळलो. कौसा भिंतीला टेकून उभी. त्या उजेडात तिचे ओठ काळेनिळे, कातडी राखेच्या रंगाची. माझी मान खाली गेली.

ती म्हणाली, "तुमचं तोंड पाहा. पान्यातून काढल्यावानी दिसून राह्यलं."

मर्क्युरीत सगळ्यांचेच चेहरे तसे दिसतात, मी रस्त्यावर हजार वेळा पाहिलेत. तिला तसं सांगितलंही. ती चुलीकडं निघून गेली. आज पेटीसमोर जेवली नाही.

१३ ते १६ जाने.

दिवा चालू, आठ तास. कौसा त्या खोलीत येत नाही. मला रोज तिथं जावं लागतं. काचेत स्वतःचं तोंड दिसतं. कपाळ राहुलचं आहे, हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं. लोक म्हणायचे.

१७ जाने.

चूक झाली. मोठी. दगडाची दिव्याकडची बाजू पांढरी पडली. चुन्यासारखी. रात्रीतून. बोटं आत ओढून घेतलेली, बाहेर येत नाहीत. दिवा बंद केला, परत ट्यूब लावल्या.

अंधाऱ्या खोलीतून माणूस एकदम उन्हात आला की डोळे मिटतो. जिवालाही हळूहळू उजेड द्यायचा असतो. मी एकदम दिला. उशिरा देतो आणि मग एकदम देतो.

१८ जाने., रवि.

कामरगावाहून शांता आली. लेक सासरची कामं टाकून आली म्हणजे कोणीतरी कळवलं असणार. पेटी पाहिली, दिवे पाहिले, आईकडं पाहिलं. मला अंगणात बोलावून म्हणाली, बाबा, हे घर राह्यलं नाही, हे काढा इथून. आईची तब्येत बघा. कागदावर सही करा, विहारात कार्यक्रम करा, चार लोक जेवू द्या. तिला मोकळं होऊ द्या. शांताचं चूक नाही. तिचाही भाऊ होता. सांगता सांगता रडली, मग भांडी घासायला बसली.

मी म्हटलं, कागदाचं तुझ्या आईला विचार.

नाही विचारलं. मीही नाही.

१९ जाने.

शांता सकाळच्या गाडीनं गेली. जाताना पेटीशी वाकली, पांढऱ्या भागावर काचेतून बोट ठेवलं. इथं दुखलं का रे, असं काहीसं पुटपुटली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२२ जाने.

मंडपवाल्याकडून निळा जिलेटीन कागद आणला, नाटकाच्या फोकसला लावतात तो. मर्क्युरीचा दिवा आणखी हातभर वर घेतला, खाली कागदाचे चार थर. पहिल्या दिवशी एक तास. मग दोन. दर आठ दिवसांनी एक थर काढायचा. तक्ता केला, भिंतीला लावला. लाईन टाकताना करतो तसा.

३० जाने.

तीन थर. पांढरा भाग तसाच. तपकिरी भाग टिकून आहे. बोटं अजून बाहेर नाहीत.

३ फेब्रुवारी

आज तिला सांगितलं.

दुपारी ती ज्वारी पाखडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. कार्ड, खिसा, रविवार. तोवर मी रोज खाली जातो, हेही. तिचे हात थांबले नाहीत. सूप झालं, दुसरं घेतलं. मग म्हणाली,

"मले ठाऊक हाये."

शर्ट धुताना तिला कार्ड सापडलं होतं. शांता तेव्हा पोळ्याला आली होती, तिच्याकडून वाचून घेतलं. मग परत खिशात ठेवलं, वाळलेल्या शर्टाच्या.

"तुमाले याद करून द्याची व्हती. मीबी नाई देली. निंदन चालू व्हतं."

एवढंच. पाखडत राहिली.  पाच महिने एका घरात दोघं तेच एक कार्ड घेऊन फिरत होतो.

८ फेब्रु.

दोन थर. ती परत पेटीसमोर जेवायला लागली. ट्यूब चालू असतानाच, मर्क्युरी लागायच्या आधी. आज मला बोलावलं. मीही ताट घेऊन बसलो.

१२ फेब्रु.

सेल्वमचं पत्र. मी त्याला विचारलं होतं, कार्डाचं उत्तर गेलं असतं तर तो रोज खाली गेला असता का. त्यानं हिंदीत, कोणाकडून तरी लिहवून घेतलंय. की राहुल उत्तर आलं असतं तरी गेला असता, त्याला तिथं आवडायचं. त्या दिवशी लाटा मोठ्या होत्या, सेल्वमनं नको म्हटलं होतं. दुपारी बाराला ऊन सरळ खाली उतरतं, ते पाहायचं होतं म्हणाला. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. सेल्वम खरं सांगतो की मला बरं वाटावं म्हणून, हे कधी कळणार नाही. शेवटी लिहिलंय, अंकल, नको म्हटल्यावर मी त्याचा हात धरायला हवा होता.

म्हणजे तिघं झालो.

२० फेब्रु.

बोटं आली. फक्त तपकिरी बाजूची, सातआठ. एक थर उरलाय. कौसानं आधी पाहिलं.

२८ फेब्रु.

ऊन लागायला लागलं. दुपारी पाणी तीस डिग्रीवर. फॅन, ओली गोणपाटं, दिवा फक्त पाच तास. तरी तीस. वहीत लिहिलंय, एकतीसच्या वर जिवाला धोका. अजून मार्च लागायचाय. मे महिन्यात आपल्या घरात माठातलं पाणीही कोमट असतं.

बर्फाची लादी मालेगावहून आणून पाहिली, पिशवीत बांधून काचेला बाहेरून. दोन तास.

४ मार्च

एकतीस. दिवा बंद ठेवावा तर उपाशी मरतो, लावावा तर उकडून मरतो. उजेड सापडला नि आता गारवा नाही. कडेचा आणखी एक खळगा पांढरा.

७ मार्च, रवि.

कौसा सकाळी म्हणाली,

"इथं नाई जगत तो. वापस नेऊ."

दगडाबद्दलच बोलली. मी विचारलं, कोण नेणार. सेल्वमला बोलावतो. तर म्हणाली, आपण. तिनं अकोल्यापलीकडं कधी पाऊल टाकलेलं नाही. रजेचा अर्ज उद्याच देतो.

१० मार्च

रजा मंजूर. सेल्वमला तार केली. तो स्टेशनवर येईल.

डब्याला भोकं पाडून हवेची नळी बसवली. पंप बॅटरीच्या सेलवर चालेल असा केला. दोन कॅन पाणी सोबत. वाटेत कुठंकुठं पाणी बदलायचं, त्याची यादी.

शांताला कळवलं. उलट टपाली तिनं लिहिलंय, आईला पाण्याजवळ जाऊ देऊ नका. मीही तोच विचार करत होतो. कौसाला वाचून दाखवलं नाही. मग आठवलं, या घरात आलेलं कार्ड दडवून काय होतं ते. संध्याकाळी वाचून दाखवलं.

ती म्हणाली, शांताले म्हना पोरं सांभाळ. 

१३ मार्च

मर्क्युरीचा दिवा काढला. जिलेटीनचा शेवटचा थर फेब्रुवारीतच काढायचा होता, उन्हामुळं राहिला. हळूहळू सवय होऊन पूर्ण उजेडात हा जीव कसा दिसला असता, ते मी पाहिलेलं नाही. पेटी रिकामी केली. काचेवर पाण्याच्या पातळीची मिठाची रेघ राहिली आहे. कौसा पुसायला गेली, मग नाही पुसली.

ट्रंक उघडून केंद्राचा कागद काढला, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. तिनं पाहिलं. शाईचा पॅड घेतला का, असं विचारलं नाही. नको असंही म्हणाली नाही.

१४ मार्च, रवि. वाशीम स्टेशन

पूर्णेची गाडी पाऊण तास उशिरा. बाकावर बसून लिहितो. डबा आमच्या दोघांच्या मध्ये, ओल्या गोणपाटात. झाकण उघडून दोनदा पाहिलं. तपकिरी भाग आहे. पांढरा होता तेवढाच.

एका बाईनं विचारलं, डब्यात काय नेता. कौसा म्हणाली, समुद्राचं पानी. ती बाई हसली, समुद्राकडं पाणी नेता का म्हणाली. कौसाही हसली. मी हातातलं लिहिणं थांबवून पाहिलं.

नंतर तिनं मला विचारलं, "किती खोल हाये तिथं?"

इतक्या महिन्यांत त्या जागेबद्दल पहिल्यांदा काही विचारलं. सेल्वमनं सांगितलं होतं तेच सांगितलं, पंधराएक हात.

"म्हंजे इहिरीएवढंच."

हो म्हटलं. विहिरीएवढंच. पण विहिरीला काठ असतो, हे मनात आलं. कागद खिशात आहे. तिथं गेल्यावर ती अंगठा देईल की नाही, मला माहीत नाही. मी सही करीन की नाही, तेही नाही. दगड पाण्यात कोण सोडणार, हेसुद्धा ठरलेलं नाही.

आत्ता तिनं विचारलं, गाडी कोन्या बाजूनं येते. दाखवलं. त्या बाजूला तोंड करून बसली आहे.